जबड्याच्या जुनाट दुखण्यावरचे उपचार : भोर-वेल्ह्याच्या मावळातून पाहिलेला इतिहास

जबडा मिटणारे स्नायू शरीरातल्या सर्वांत बळकट स्नायूंमध्ये मोडतात. गालाच्या मागच्या भागातला चर्वणस्नायू, कानशिलावर पसरलेला शंखस्नायू आणि जबड्याच्या आतल्या बाजूचे दोन लहान स्नायू यांच्यावर चावणे, बोलणे, जांभई देणे ही सगळी कामे अवलंबून असतात. हे स्नायू दुखू लागले की कानाच्या पुढे, गालात आणि कानशिलात ठणका लागतो, सकाळी उठल्यावर तोंड आखडलेले वाटते, भाकरीचा घास जड होतो. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत ओसरते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेले दुखणे जुनाट समजले जाते. ते पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते आणि त्यातल्या अनेकींची केवळ जबड्याची नव्हे, तर एकूणच वेदनेची संवेदना वाढलेली असते. हलक्या दाबानेही दुखते, मान आणि पाठ धरते, झोप लागत नाही. या दुखण्यावर गेल्या दोन हजार वर्षांत झालेले उपचार पाहिले, तर ते बदलत गेले ते एकाच प्रश्नाच्या उत्तरावरून. दुखण्याचे मूळ नेमके कुठे आहे? वातात, दातात, सांध्यात, स्नायूत, की वेदना जाणवून देणाऱ्या मज्जासंस्थेत? प्रत्येक उत्तराबरोबर उपचाराची हत्यारे बदलली, आणि चुकीच्या उत्तराची किंमत रुग्णाच्या चेहऱ्याने मोजली.

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येचे भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे तालुके या इतिहासाकडे पाहण्यासाठी चांगली जागा आहेत, कारण इथे जुने उपचार फार काळ टिकले आणि नवे उशिरा पोचले. हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे अशा दऱ्यांनी हा मुलूख तुकड्यातुकड्यांत विभागलेला आहे. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्या पावसाळ्यात एका खोऱ्याचा दुसऱ्याशी संबंध तोडत. सचिव घराण्याच्या भोर संस्थानात विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे पाच तालुके होते. त्यातला विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. संस्थानाचे क्षेत्र सुमारे ९२५ चौरस मैल आणि १९०१ च्या शिरगणतीत लोकसंख्या सुमारे १ लाख ३७ हजार होती. इतक्या डोंगराळ आणि विरळ वस्तीत दुखणाईताला पहिला आधार घरातल्या म्हाताऱ्या बाईचा, नंतर गावच्या जाणत्याचा, न्हाव्याचा किंवा फिरत्या वैदूचा. पोथी वाचणारा वैद्य त्याहून दूर.

पोथीतले ज्ञान मात्र बारकाईचे होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या अध्यायात हनुग्रहाचा, म्हणजे जबडा धरण्याचा, विचार येतो आणि तिथे दोन अवस्था स्पष्ट वेगळ्या केल्या आहेत. जबडा निखळून तोंड उघडेच राहिले असेल, तर शेक देऊन अंगठ्यांनी दाबावे, तर्जनींनी हनुवटी वर उचलावी आणि सरकलेला सांधा जागी आणावा. जबडा ताठरला असेल, तर शेकून तो हलकेच वाकवावा. निखळलेला जबडा बसवण्याची आजची रीतही हाताच्या ठेवणीत याच्या फार जवळची आहे, आणि प्राचीन ग्रीक वैद्यकातही तशीच रीत सांगितलेली आहे. सुश्रुताने हाच सांधा भग्नचिकित्सेत घेतला आणि बसवल्यावर पट्टी बांधायला सांगितले. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात या दुखण्याची कारणे दिली आहेत. जीभ फार खरवडणे, कोरडे कठीण अन्न चावणे आणि मार लागणे यांमुळे हनुमूलातला वात बिघडतो, तोंड उघडे किंवा मिटलेले राहते आणि चावणे, बोलणे कष्टाचे होते. यातल्या दोन कारणांकडे, म्हणजे अतिवापर आणि मार यांकडे, आजचा दंतवैद्यही बोट दाखवतो.

मूळ वातात आहे असे मानल्यावर उपचार वातशामक होणे स्वाभाविक होते. तेल, शेक, नाकात औषधी तेलाचे थेंब म्हणजे नस्य, डोक्यावर चामड्याची पट्टी बांधून तेल धरून ठेवण्याची शिरोबस्ती, आणि तोंडात तेल धरण्याचा गंडूष. उडदापासून बनवलेले माषतैल आणि नारायण तेल यांचा वैद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापर केला. चरकाने रोजच्या तेलाच्या गुळण्यांनी जबड्याला बळ येते असे म्हटले आहे. या सगळ्यात एक गोष्ट मोलाची होती. हे उपचार सौम्य होते, जबड्याचे काही बिघडवत नव्हते आणि स्नायूला उष्णता, मर्दन व विश्रांती देत होते. तेलातल्या औषधींचे गुण किती आणि हाताने चोळण्याचा गुण किती, हे मात्र त्या काळी कोणी वेगळे काढून पाहिले नाही.

खोऱ्यांतल्या घराघरांत याच विचाराचे साधे रूप चाले. निरगुडीचा पाला तव्यावर तापवून गालावर शेकायचा, रुईच्या किंवा एरंडाच्या पानाला तेल लावून ते गरम करून बांधायचे, वाळूची किंवा मिठाची पुरचुंडी तापवून फिरवायची, हनुवटीखालून डोक्यावर फडके घट्ट बांधायचे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर निरगुडी मुबलक मिळते आणि चुलीतली आच फुकट. जबड्याच्या स्नायूंच्या दुखण्यावर ओलसर उष्णतेचा शेक आजही सर्वत्र सांगितला जातो, कारण उष्णतेने स्नायू सैलावतो आणि त्यातला रक्तप्रवाह वाढतो.

याच खोऱ्यांत कठोर उपायही होते. सुश्रुताने त्वचा, मांस, स्नायू, सांधे आणि हाडे यांत अतितीव्र वेदना असल्यास अग्निकर्म सांगितले होते. खेड्यात त्याचे रूप म्हणजे तापलेला विळा किंवा सळई टेकवून दिलेला डाग. बिब्ब्याचा वापर त्याहून सर्रास. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि पाझरणारे तेल दुखऱ्या जागी टिपक्यांनी लावायचे. बिब्ब्याच्या तेलातले द्रव्य कातडीला जाळते, फोड येतात आणि काळे वण राहतात. चेहऱ्यावर हे वण आयुष्यभर दिसत. तरीही लोक हा उपाय करून घेत, याचे कारण केवळ अज्ञान नव्हते. डाग दिल्यावर काही काळ मूळ ठणका खरोखर कमी होई. १९७९ मध्ये दानियल ल बार यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले की एका ठिकाणची तीव्र वेदना मेंदूच्या तळातून एक प्रतिबंधक यंत्रणा जागी करते आणि दुसऱ्या ठिकाणची वेदना काही वेळ दबते. डागाचा गुण तो हाच असावा, आणि तो थोड्या वेळाचाच. पुढे असेही दिसले की ज्यांची वेदनासंवेदना वाढलेली असते, त्यांच्यात नेमकी हीच यंत्रणा अनेकदा दुबळी पडलेली असते. म्हणजे ज्या बाईचे दुखणे सर्वांत चिवट, तिलाच डागाचा फायदा सर्वांत कमी आणि त्रास सर्वांत जास्त. एका डागाने भागले नाही म्हणून दुसरा, मग तिसरा, असा प्रकार अशाच रुग्णांच्या वाट्याला येत असावा.

दुखण्याचे मूळ दातात आहे, हे दुसरे उत्तरही तितकेच जुने. चर्वणस्नायूचे दुखणे दाढांत जाणवते आणि शंखस्नायूचे वरच्या दातांत. त्यामुळे निरोगी दातालाच दोष दिला जाणे सोपे होते. गावात दात उपटण्याचे काम बहुधा न्हाव्याकडे असे. तोच जळवा लावी आणि रक्त काढी. वैदू तुंबडी लावून दूषित रक्त ओढून काढीत, जडीबुटी विकीत आणि एका बाजारातून दुसऱ्या बाजारी जात. दाढेतला किडा काढण्यासाठी भुईरिंगणीचे बी तापलेल्या लोखंडावर टाकून त्याचा धूर तोंडात घेण्याची रीत होती. दात खरोखर किडलेला असेल तर या साऱ्याने निदान काही काळ आराम मिळे. स्नायू दुखत असेल तर दात जाई आणि दुखणे राही. मग शेजारचा दात. हा घोटाळा खेड्यापुरता नव्हता. चेहऱ्याच्या वेदनेसाठी चांगले दात काढले जाण्याचे प्रकार जगभरच्या सुसज्ज दवाखान्यांतही विसाव्या शतकात होत राहिले.

दातदुखीच्याच वाटेने मिश्री घरात शिरली. भाजलेल्या तंबाखूची पूड हिरड्यांना चोळली की ठणका थोडा बधिर होतो, म्हणून पश्चिम महाराष्ट्रातल्या असंख्य स्त्रियांनी ती दात घासायला धरली आणि सवय पक्की झाली. दिवसातून अनेकदा मिश्री लावणाऱ्या बाईला ती सोडताना जी तलफ लागते, ती दातदुखीच परत आल्यासारखी वाटू शकते. मावळातल्या तोंडाच्या आरोग्याचा इतिहास मिश्रीला वगळून सांगता येत नाही.

जबडा मिटला जाण्याची एक अवस्था मात्र साऱ्यांना धडकी भरवणारी होती. शेणामातीत काम करणाऱ्या शेतकऱ्याच्या पायाला जखम झाली आणि काही दिवसांनी दातखीळ बसली, तर तो धनुर्वात. जबड्याचे स्नायू आखडणे हे त्याचे पहिले लक्षण. पुण्यात ससून रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झाले आणि १८७८ मध्ये तिथे बी. जे. मेडिकल स्कूल निघाले, पण धनुर्वाताचा रोगी वेल्ह्याच्या खोऱ्यातून तिथे वेळेवर पोचणे अवघड आणि पोचला तरी वाचणे अवघड. लसीकरणाने हे चित्र बदलले. १९७८ मध्ये देशात विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, १९८५ मध्ये तो सार्वत्रिक करण्यात आला आणि २०१५ मध्ये माता व नवजात बालकांतील धनुर्वाताचे निर्मूलन भारतात झाल्याचे जाहीर झाले. जबड्याच्या साध्या दुखण्याकडे शांतपणे पाहता येऊ लागले, यात या लसीचा वाटा मोठा आहे.

दरम्यान बाजारात मलमाच्या डब्या आल्या. के. नागेश्वर राव यांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन काढले, १९१० मध्ये झंडू फार्मास्युटिकल वर्क्स निघाले. पुदिन्याच्या सत्त्वाचा थंडावा आणि सोबतची चुरचुर यांनी वेदनेवरून लक्ष हटते. बिब्ब्याचेच काम मलमाने वण न पाडता केले. बिब्ब्याकडून डबीकडे झालेला हा प्रवास लहान दिसतो, पण ज्या मुलींच्या गालावर वण पडले नाहीत त्यांच्यासाठी तो लहान नव्हता.

दंतवैद्यक स्वतंत्र शास्त्र म्हणून भारतात उशिरा उभे राहिले. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. दंतवैद्यांची नोंदणी बंधनकारक करणारा कायदा १९४८ मध्ये आला, आणि त्याच वर्षी ८ मार्चला भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. या महाविद्यालयांबरोबर पाश्चात्त्य दंतवैद्यकातले तिसरे उत्तर इथे आले. दुखण्याचे मूळ सांध्यात, आणि सांधा बिघडतो तो दात नीट मिळत नसल्याने.

हे उत्तर घडले ते असे. व्हिएन्नाच्या मोरित्स कारोयी यांनी १९०१ मध्ये रात्री दात खाण्याच्या सवयीकडे लक्ष वेधले आणि दातांवर बसणारी पट्टी सुचवली. १९३४ मध्ये सेंट लुइसचे कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी मांडले की दाढा गेल्यामुळे जबडा मागे सरकतो, कानाजवळच्या नसांवर दाब येतो आणि त्यातून कान, डोके व चेहरा दुखतो. शरीररचनेच्या अभ्यासकांनी हा दाब शक्यच नसल्याचे पुढे दाखवले, पण कॉस्टेन यांचे नाव दुखण्याला चिकटले आणि दात मिळवण्याचा उपाय जगभर पसरला. दाढांचे उंचवटे कायमचे घासायचे, सगळ्या दातांवर टोप्या चढवून चाव्याची उंची वाढवायची, सांध्यातली चकती काढायची. १९८० च्या दशकात अमेरिकेत चकतीच्या जागी टेफ्लॉनचे रोपण करण्यात आले. त्याचे कण सुटून सांध्याचे हाड झिजू लागले आणि १९९०-९१ मध्ये ही रोपणे बाजारातून मागे घ्यावी लागली. मावळातला तापलेला विळा आणि तिथली शस्त्रक्रिया यांच्यात साधनांचे अंतर प्रचंड होते. परत न फिरवता येणारी इजा मात्र दोन्हीकडे सारखीच.

चौथे उत्तर न्यू यॉर्कमध्ये लास्लो श्वार्ट्झ यांच्या दवाखान्यात १९५० च्या दशकात तयार झाले. बहुतेक रुग्णांचा सांधा ठीक होता, दुखत होते ते स्नायू. १९६९ मध्ये डॅनियल लॅस्किन यांनी सांगितले की ताण, थकवा आणि नकळत दात आवळण्याची सवय यांनी स्नायू थकतात आणि तिथून दुखणे सुरू होते. त्यांच्या गटाने १९७६ मध्ये केलेला प्रयोग या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलका आहे. २५ रुग्णांच्या दातांचे उंचवटे यंत्राने घासल्याचे नाटक करण्यात आले. यंत्र फिरले, पण दातांचा आकार बदलला नाही. त्यातल्या १६ जणांचे दुखणे पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे गेले. चाव्याच्या उंचीला मग किती महत्त्व उरते? धीर देणारा वैद्य, काहीतरी होते आहे हा विश्वास आणि दुखण्याचा आपोआप ओसरण्याचा कल, यांचे श्रेय वर्षानुवर्षे यंत्राला आणि टोपीला दिले गेले होते. हाच विचार शिरोबस्तीला आणि डागालाही लागू पडतो, आणि तो तसा लावण्यात कोणत्याही परंपरेचा अपमान नाही.

स्नायूत मूळ आहे म्हटल्यावर स्नायू सैल करण्याचे मार्ग शोधले गेले. शिकागोचे एडमंड जेकबसन यांनी स्नायू क्रमाने आवळून सैल सोडण्याची पद्धत आधीच रूढ केली होती. महाराष्ट्रात हे काम स्वतंत्रपणे चालू होते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांचे मोजमाप सुरू केले. १९६९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवासनाचा उच्च रक्तदाबावरचा परिणाम प्रसिद्ध केला. तो अभ्यास जबड्यासाठी नव्हता. पण आडवे पडून, श्वासाकडे लक्ष देऊन स्नायूंचा ताण सोडवणे हे औषधासारखे मोजता येते, हे या मातीत दाखवले गेले. पुढच्या काळात जबड्याच्या रुग्णांना स्नायूंतील विद्युत हालचाल आवाजाने किंवा काट्याने दाखवून ती कमी करायला शिकवण्यात आले.

पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत याच सुमारास तोंडाची वेगळीच तपासणी चालू होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग यांच्या गटाने घरोघर जाऊन १ लाख १ हजार ७६१ गावकऱ्यांची तोंडे तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तंबाखू, मिश्री आणि मुखरोग यांचा संबंध त्यातून उजेडात आला. जबड्याच्या दुखण्याच्या दृष्टीने त्या काळच्या मुखरोगसंशोधनातला महत्त्वाचा धागा म्हणजे तोंड न उघडण्याचा आजार. १९५३ मध्ये मुंबईत डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळूखालच्या ऊतींना आलेल्या ताठरपणाचे वर्णन केले होते. त्याचे मुख्य कारण सुपारी असल्याचे पुढे सिद्ध झाले. गुटख्याच्या पुड्यांनी हा आजार तरुण पोरांपर्यंत नेला आणि महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली.

हा आजार आणि स्नायूंचे दुखणे यांच्यातला फरक ओळखणे मावळातल्या डॉक्टरला अत्यावश्यक आहे. सुपारीच्या आजारात तिखटाने आग होते, गालाची आतली त्वचा पांढुरकी आणि ताठ लागते, बोटाला दोऱ्यांसारखे पट्टे जाणवतात आणि तोंड हळूहळू मिटत जाते. त्यात कर्करोगाचा धोका असतो. स्नायूंच्या दुखण्यात आतली त्वचा निरोगी असते, गाल आणि कानशील दाबल्यावर ओळखीचे दुखणे उमटते आणि हलक्या हाताने ताणल्यास तोंड थोडे अधिक उघडते. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी मावतात. लहानपणी हनुवटीवर पडल्याने किंवा कानाचा पू आत पसरल्याने सांधा जुळून गेलेली मुलेही खेड्यांत आढळतात. त्यांना व्यायामाने गुण येत नाही, शस्त्रक्रियाच लागते.

स्नायूचे उत्तरही अपुरे पडू लागले ते जुनाट रुग्णांमुळे. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडले की वेदनेचा संदेश मज्जारज्जूतून वर जाताना तिथेच वाढवला किंवा रोखला जातो. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवले की दुखापतीनंतर मज्जारज्जूतल्या पेशी अति उत्तेजित राहतात. मग साधा स्पर्शही दुखतो आणि दुखापत भरली तरी दुखणे मागे राहते. १९९५ मध्ये विल्यम मॅक्सनर यांच्या गटाने जबड्याच्या रुग्णांच्या हातावर वेदनेची चाचणी घेतली. हात निरोगी होते, तरी या रुग्णांना इतरांपेक्षा लवकर आणि अधिक दुखले. दोष जबड्यात मावत नव्हता. चेहऱ्याच्या आणि मानेच्या वरच्या भागाच्या नसा मेंदूच्या तळाशी एकाच केंद्रात येऊन मिळतात, म्हणून मानेचे दुखणे जबड्यात आणि जबड्याचे मानेत जाणवते. डोक्यावरून हंडे, गवताचे भारे आणि लाकूडफाटा वाहणाऱ्या बायकांच्या तक्रारीत मान आणि जबडा एकत्र आल्यास डॉक्टरने ही जुळणी लक्षात ठेवायला हवी. अशा बाईच्या तक्रारीला मनाचे खेळ म्हणून मोडीत काढणे हा उपचारशास्त्राचा जुना आणि क्रूर दोष आहे. दुखणे खरे असते, फक्त त्याची जागा वेगळी असते.

अमेरिकेत २००६ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जबड्याचे दुखणे नसलेल्या सुमारे २,७०० लोकांचा अनेक वर्षे पाठपुरावा झाला आणि त्यातल्या २६० जणांना ते नव्याने जडले. कुणाला जडेल हे शरीराच्या इतर भागांतली दुखणी आणि खालावलेली झोप अशा गोष्टींवरून बरेचसे कळत होते. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेने ऊतींना किंवा नसांना इजा नसताना वेदनायंत्रणाच बदलल्याने होणाऱ्या दुखण्याला वेगळे नाव दिले.

इतक्या उत्तरांनंतर सगळे उपचार एका तराजूत तोलण्याचे काम २०२३ मध्ये झाले. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांसाठी दीडशेहून अधिक चाचण्या, साडेआठ हजारांहून अधिक रुग्ण आणि ५९ उपचारपद्धतींची तुलना करण्यात आली. निकाल अनेक दंतवैद्यांना अनपेक्षित वाटला असेल. ठामपणे शिफारस झाली ती विचार आणि सवयी बदलण्याच्या मानसोपचाराची, प्रशिक्षित हाताने जबड्याची हालचाल करून घेण्याची, स्नायूतल्या दुखऱ्या गाठी दाबून सोडवण्याची, आणि देखरेखीखाली केलेल्या जबड्याच्या व शरीराच्या ठेवणीच्या व्यायामांची. घरी करायचे व्यायाम, माहिती आणि धीर देणे हेही त्याच यादीत आले. अॅक्युपंक्चरचा सौम्य पाठिंबा मिळाला. दातांवरची काढता येणारी पट्टी, बोट्युलिनमची सुई, गॅबापेन्टिन, झोपेच्या गोळ्यांच्या गटातली औषधे, विजेचे सौम्य झटके, मिरचीच्या अर्काचे मलम हे शक्यतो टाळावेत असे म्हटले गेले, कारण फायदा अनिश्चित आणि खर्च किंवा धोका जास्त. चाव्यात कायमचा बदल करणारी पट्टी, चकती काढण्याची शस्त्रक्रिया आणि वेदनाशामक गोळ्यांना अफूजन्य औषधांची जोड यांना ठाम विरोध झाला. शिरोबस्ती, नस्य, माषतैल यांचा या तुलनेत समावेश नव्हता, त्यामुळे त्यांच्या बाजूने किंवा विरुद्ध या निकालातून काही काढता येत नाही.

यादी नीट पाहिली तर पुढे आलेले सगळे उपाय हाताचे, हालचालीचे आणि बोलण्याचे आहेत. त्यांना महागडे यंत्र लागत नाही, पण शिकवणारा माणूस आणि पुन्हा पुन्हा भेट लागते. भोर-वेल्ह्यासारख्या भागात अडचण इथेच आहे. पुण्याच्या तज्ज्ञाकडे जाऊन एकदा पट्टी बनवून घेणे जमते. दर आठवड्याला व्यायामासाठी एसटीने जाणे मजुरी बुडवते. आयुष्मान भारत योजनेत २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या सेवांमध्ये मुखआरोग्य आणि मानसिक आरोग्य या दोहोंचा समावेश झाला. जबड्याचे जुनाट दुखणे या दोन्हींच्या मधोमध बसते. केंद्रावरच्या आरोग्य अधिकाऱ्याला व्यायाम आणि तपासणी शिकवली, तर या उपचाराचा बराचसा भाग खोऱ्यातच होऊ शकतो.

शिकवण्यासारखे फार नाही, पण ते नेटके हवे. दात एकमेकांना टेकायचे ते फक्त गिळताना आणि चावताना. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ टाळूला. दिवसातून काही वेळा ही ठेवण आहे का ते पाहायचे. जीभ टाळूला ठेवूनच तोंड हळू उघडायचे आणि मिटायचे. गालावर ओलसर शेक द्यायचा. दुखणे वाढलेल्या दिवसांत मऊ भात, आमटीत कुस्करलेली भाकरी. झोपेची वेळ सांभाळायची. मिश्री आणि सुपारी सुटण्यासाठी मदत मागायची. काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर मानेची तपासणी आणि मनावरचा भार यांकडे वळायचे.

स्नायूंच्या नावाखाली दुसरे दुखणे दडू नये, म्हणून काही खुणा दिसल्यास थांबता येत नाही. तोंडात न भरणारी जखम किंवा गाठ, चेहऱ्याला बधिरपणा, ताप आणि सूज, तोंड दिवसेंदिवस कमी उघडणे, पन्नाशीनंतर प्रथमच कानशील दुखून दृष्टी अंधुक होणे, आणि घाट चढताना जबड्यात उमटून बसल्यावर जाणारी कळ. शेवटची खूण हृदयाची असू शकते. अशा रुग्णाला शेकत बसू न देता त्याच दिवशी रुग्णालयात न्यायला हवे.